घर विकायला काढण्यापूर्वी

घर विकण्याचा प्रसंग माणसावर आयुष्यात एखाद-दुसऱ्या वेळीच येतो. रोज दुकानात बसून माल विकणारा व्यापारीसुद्धा त्या दिवशी नवखाच असतो. इंदापूरसारख्या गावात हे विशेष जाणवते. पुढे दुकान किंवा कारखाना आणि मागे घर अशी रचना इथे पूर्वापार आहे. बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी, शिकलगार अशा घराण्यांतून दोन-तीन पिढ्या एकाच छपराखाली धंदा आणि संसार चालला. आता मुले पुण्याला नोकरीला गेली आहेत, कोणी बारामतीला दुकान काढले आहे, कोणाला मोठे घर झेपत नाही, तर कोणाला कर्ज फेडायचे आहे. मग घर विकायचे ठरते आणि सर्वात आधी रंगाऱ्याला बोलावले जाते. आमच्या मते रंगाऱ्याची पाळी बरीच उशिरा यावी. सुरुवात कागदांपासून, आणि त्याआधी घरातल्या माणसांपासून करावी.

पहिला प्रश्न असा की हे घर विकण्याचा अधिकार नेमका कोणाचा? घरपट्टीच्या पावतीवर थोरल्या भावाचे नाव असते म्हणून तो स्वतःला मालक समजतो. प्रत्यक्षात नगरपरिषदेची घरपट्टीची पावती किंवा खेड्यातला ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर कोणाकडून घ्यायचा यापुरता असतो, तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. वडील वारले त्या क्षणी घर सर्व वारसांचे झाले, नोंद लागो वा न लागो. १९३७ च्या शरीयत कायद्याने मुस्लिमांच्या वारसाहक्काला शरीयत लागू आहे. त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, परंतु गावातले घर वगळलेले नाही.

हिशेब समजायला अवघड नाही. समजा, मयताच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली आहेत आणि मयताचे आई-वडील हयात नाहीत. घराचे आठ भाग करावेत. एक भाग पत्नीचा, प्रत्येक मुलाचे दोन-दोन असे चार, आणि प्रत्येक मुलीचा एक असे तीन. घर चोवीस लाखांना गेले तर आईला तीन लाख, प्रत्येक भावाला सहा लाख आणि प्रत्येक बहिणीला तीन लाख मिळतात. मात्र ही वाटणी होण्यापूर्वी कफन-दफनाचा खर्च, मयताचे कर्ज आणि वसियत असल्यास एक तृतीयांशाच्या मर्यादेत ती वजा करायची असते. पत्नीची न दिलेली मेहर हेही कर्जच आहे. चाळीस वर्षांपूर्वीची ती रक्कम आज किरकोळ दिसते, म्हणून ती कोणी विचारातच घेत नाही.

आपल्याकडे खरी अडचण बहिणींच्या हिश्श्यापाशी येते. भाऊ कागद पुढे करतो, बहीण माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करते आणि घरात सर्वजण म्हणतात की तिने राजीखुशीने सोडले. तिला रक्कम किती होती हे सांगितले होते काय? सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे, तो भावाच्या मर्जीवर ठेवलेला नाही. यावर सरळ मार्ग असा आहे की हक्कसोडपत्राच्या भानगडीत न पडता बहिणींनाही खरेदीखतात लिहून देणार म्हणून सामील करावे आणि प्रत्येकीच्या हिश्श्याची रक्कम तिच्या स्वतःच्या बँक खात्यात गिऱ्हाइकाकडूनच थेट जमा करून घ्यावी. पैसे हाती आल्यावर तिला भावाला काही द्यावेसे वाटले, तर ती खरी राजीखुशी. व्यवहाराच्या दृष्टीनेही हेच फायद्याचे आहे. एका वारसाने केलेली विक्री त्याच्या स्वतःच्या हिश्श्यापुरतीच बंधनकारक असते, त्यामुळे एका बहिणीची सही राहिली तर जाणता गिऱ्हाईक मागे फिरतो आणि अजाण गिऱ्हाईक पुढे कोर्टात जातो. बहीण परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र मागवून घ्यावे. ते इथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

वारसांत अज्ञान मूल असेल तर विशेष सावध राहावे. वडील वारल्यावर आईच मुलांचे सर्व पाहते, म्हणून तिची सही पुरेशी आहे असा समज आहे. मुस्लिम कायद्यात आई मुलांचा सांभाळ करते, परंतु त्यांच्या स्थावर मिळकतीची ती कायदेशीर पालक ठरत नाही. १९१८ साली प्रिव्ही कौन्सिलने आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी विक्री टिकत नाही असेच सांगितले आहे. अशा वेळी १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयाकडून पालक नेमून घेऊन विक्रीची परवानगी घ्यावी लागते. यात महिने जातात, म्हणून हे काम गिऱ्हाईक शोधण्याच्या आधी सुरू करावे.

“अब्बांनी हे घर तोंडी मला बक्षीस दिले होते” असेही पुष्कळदा ऐकू येते. तोंडी हिबा कायद्याला मान्य आहे आणि त्याला नोंदणी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. पण देणाऱ्याने हयातीतच ताबा दिला होता आणि घेणाऱ्याने तो स्वीकारला होता, हे दाखवावे लागते. दाखवता येत नसेल तर तो विषय न काढलेला बरा. गिऱ्हाइकाला त्यात फक्त भांडणाचा वास येतो.

माणसे एकत्र आली की कागद पाहावेत. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून मिळकत पत्रिकेची ताजी नक्कल काढावी, वारसांची नावे नसतील तर मृत्यूचा दाखला जोडून वारस नोंदीचा अर्ज द्यावा. खेड्यात घर असेल तर २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत आपल्या गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार झाली आहे का, याची चौकशी करावी. पत्रिकेवरचे क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र यांत फरक असेल तर मोजणी आत्ताच करून घ्यावी, कारण तो फरक गिऱ्हाइकाचा मोजणीदार काढणारच. पतसंस्थेचा किंवा बँकेचा बोजा असेल तर रक्कम भरून दाखला घ्यावा आणि पत्रिकेवरून बोजा कमी करून घ्यावा. कर्ज फिटले पण बोजा तसाच राहिला, अशी उदाहरणे घरोघरी आहेत.

इंदापूर तालुक्यात आणखी दोन-तीन गोष्टी तपासाव्या लागतात. उजनी धरणामुळे भीमाकाठची गावे उठली आणि अनेक कुटुंबे पुनर्वसनाच्या गावठाणात आली. अशा प्लॉटच्या कागदावर भोगवटादार वर्ग २ असा शेरा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री करू नये. सोलापूर महामार्ग किंवा बारामतीकडून येणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग यांच्या कडेला घर असेल, किंवा नगरपरिषदेच्या विकास आराखड्यातला रस्ता पुढच्या ओट्यावरून जात असेल, तर किती जागा गेली आहे वा जाणार आहे हे लेखी विचारून घ्यावे. मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की वक्फची जागा विकता येत नाही. भाडे भरत आलेला माणूस भाडेकरूच राहतो.

आता घराची डागडुजी. इथली जमीन काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरपे तडे जातात. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत लोणा लागतो. माळवदाच्या घरात वासे पोखरलेले असतात, स्लॅबच्या घरात गच्चीचे पाणी मुरते. यावर लांबी भरून डिस्टेंपर मारला की महिनाभर घर नवे दिसते. असे करू नये. हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी सांगितलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा आशय असा की विकणारा आणि घेणारा खरे बोलले आणि दोष उघड केले तर सौद्यात बरकत येते, लपवले आणि खोटे बोलले तर ती पुसली जाते. देशाचा कायदाही याच बाजूचा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, गिऱ्हाइकाला साध्या पाहणीत कळणार नाही असा मोठा दोष घरात वा मालकीत असेल तर तो सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. तडा कुठे आहे, गच्ची कुठे गळते, बोअरला उन्हाळ्यात पाणी राहते का, पुढच्या गाळ्यात भाडेकरू कोण आहे, हे आपणच आधी सांगावे. भाडेकरू असलेला गाळा विकला तरी त्याचे हक्क संपत नाहीत, ते नव्या मालकाला मानावे लागतात.

खर्च थोडकाच करावा. गळणारे नळ, उघड्या वायरी, न लागणारी कडी, तुंबलेले गच्चीचे भोक, संडासच्या टाकीचे फुटलेले झाकण ही कामे जरूर करावीत. कारागिराच्या घरात भट्टीचा धूर, कापसाची धूळ, तेलाचे डाग असतात. यंत्रे हलवून, भंगार विकून जागा रिकामी दाखवली तर खोली मोठी दिसते आणि त्यात फसवणूकही नाही. जुने माळवदाचे घर घेणारा बहुधा ते पाडून बांधणार असतो. तो जागेचे, रस्त्याकडच्या रुंदीचे आणि स्वच्छ कागदांचे पैसे देतो. त्याच्यासाठी नव्या फरशा बसवणे म्हणजे आपले पैसे त्याच्या राडारोड्यात टाकणे होय.

किंमत ठरवताना चहाच्या टपरीवरचे आकडे धरू नयेत. शासनाच्या बाजारमूल्य तक्त्यातला दर पाहावा आणि आजूबाजूच्या झालेल्या खरेद्यांची सूची क्रमांक २ काढावी. भाव चढवण्यासाठी आपल्याच माणसाला खोटा गिऱ्हाईक म्हणून उभे करणे याला शरीयतमध्ये नज्श म्हणतात, आणि प्रेषित (स.) यांनी त्याला मनाई केली आहे. दलालाची दलाली आधीच लेखी ठरवावी आणि तो दोन्हीकडून घेणार असेल तर दोन्हीकडे माहीत असावे.

बाहेर बोलण्यापूर्वी भाऊबंदांना आणि भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याला विचारावे. केवळ शेजारपणावर आधारलेला हक्के शुफा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली घटनेशी विसंगत ठरवला आहे, तरी विचारण्याला कायद्याची आडकाठी नाही. सहीह बुखारीत हजरत अबू राफे (रजि.) यांचा सौदा नोंदलेला आहे. साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या वाड्यातल्या आपल्या दोन खोल्या त्यांनी शेजारी म्हणून साद यांनाच दिल्या. पाचशे दीनार देणारा दुसरा गिऱ्हाईक होता, तरी त्यांनी कमी किंमत, तीही हप्त्याने, पत्करली.

पैशांच्या बाबतीत एक रूढी आपल्याकडे फार मुरली आहे, ती म्हणजे निम्मी रक्कम कागदावर आणि निम्मी हातात. २०१५ पासून घराच्या व्यवहारात वीस हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि घेतलेल्या रकमेइतका दंड विकणाऱ्यालाच होऊ शकतो. शिवाय कमी लिहिलेला आकडा ही खोटी साक्ष आहे, आणि बहिणीचा हिस्सा त्याच आकड्यावर काढला जातो हे कोणी बोलत नाही. विसार पावती किंवा साठेखताने मालकी जात नाही. नोटरीपुढे केलेली खरेदी ही खरेदीच नव्हे आणि कुलमुखत्यारपत्रावर घर विकत घेतल्याने मालकी मिळत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निर्णय आहे. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले खरेदीखत हवेच. त्यात “सर्व रक्कम पोहोचली” हे वाक्य रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय लिहू देऊ नये, चावीही देऊ नये.

आलेल्या पैशांचे काय करायचे हेही आधीच ठरवून ठेवावे. घर विकून ती रक्कम तशाच मिळकतीत न घालणाऱ्याला त्यात बरकत लाभत नाही, अशा आशयाची हदीस इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. आयकराचा नियमही योगायोगाने याच दिशेचा आहे. दोन वर्षांहून अधिक काळ मालकीच्या घराच्या विक्रीतला नफा विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसरे घर घेण्यात, अथवा तीन वर्षांत बांधण्यात गुंतवला तर त्यावर कर माफ होतो. वारसाने मिळालेल्या घरात आधीच्या मालकाचा काळही धरला जातो. विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत रक्कम गुंतवली गेली नसेल तर ती बँकेतल्या भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवावी लागते, साध्या बचत खात्यात ठेवून चालत नाही. प्रत्येक वारसाचा नफा वेगळा मोजला जातो, म्हणून कर सल्लागाराकडे जाताना बहिणींचेही पॅन बरोबर न्यावेत.

ताबा देण्याच्या दिवशी विजेच्या मीटरचा आकडा दोघांच्या सहीने लिहून ठेवावा, घरपट्टी-पाणीपट्टी त्या तारखेपर्यंत भरून पावत्यांच्या प्रती गिऱ्हाइकाला द्याव्यात, आणि धंद्यासाठी वेगळे वीज कनेक्शन घेतले असेल तर ते बंद करण्याचा किंवा नावावर करून देण्याचा अर्ज त्याच आठवड्यात महावितरणकडे द्यावा.