एका शब्दाचा प्रवास

ही दोन वाक्ये वाचा :

आपाने मॅगझिन वाचले.
शिपायाने बंदुकीत मॅगझिन बसवले.

शब्द एकच, पण अर्थ दोन. पहिल्या वाक्यात मॅगझिन म्हणजे मासिक. दुसऱ्या वाक्यात मॅगझिन म्हणजे काडतुसे ठेवण्याचा कप्पा. असे कसे झाले?

हा शब्द मूळचा इंग्रजी नाही. अरबी भाषेत 'मखजन' म्हणजे साठवणीची जागा, कोठार. त्याचे अनेकवचन 'मखाजिन'. हा शब्द व्यापाराबरोबर युरोपात गेला. इटालियन व फ्रेंच भाषांतून तो सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. फ्रेंच भाषेत आज त्याचा अर्थ दुकान असा आहे. इंग्रजीत मात्र दारूगोळ्याच्या कोठाराला मॅगझिन म्हणू लागले. ११ मे १८५७ रोजी दिल्लीत इंग्रजांनी स्वतःच उडवून दिलेले कोठार 'मॅगझिन' याच नावाने ओळखले जाई. पुढे बंदुकीतील कप्प्यालाही तेच नाव मिळाले.

मग मासिकाला हे नाव कसे पडले? १७३१ मध्ये लंडनमध्ये एडवर्ड केव्ह यांनी 'द जंटलमन्स मॅगझिन' हे मासिक सुरू केले. कोठारात नाना प्रकारचा माल असतो. तसेच या मासिकात बातम्या, लेख व कविता असत. तेव्हापासून मासिकांना मॅगझिन म्हणण्याची रीत पडली.

१९०१ मध्ये लाहोरला शेख अब्दुल कादिर यांनी एक उर्दू मासिक काढले. त्याचे नाव होते 'मखजन'! इक्बाल यांची 'हिमाला' ही कविता त्याच्या पहिल्याच अंकात छापली गेली. इंग्रजीत मासिकाचे नाव झालेला शब्द आपल्या मूळ रूपात उर्दू मासिकाच्या मुखपृष्ठावर आला.

तुमच्या उर्दूतील 'खजाना' आणि मराठीतील 'खजिना' हे शब्दही याच कुळातले. मराठी तुम्हांला कधी परकी वाटली, तर हे आठवा. या खजिन्यातील कितीतरी शब्द तुमच्या ओळखीचे आहेत.

शब्दार्थ : कोठार – गोदाम, जखीरा. दारूगोळा – गोला-बारूद. परकी – गैर, अजनबी. मुखपृष्ठ – सरवरक.

स्वाध्याय
१. 'मॅगझिन' या शब्दाचे तीन अर्थ लिहा.
२. मासिकाला कोठाराचे नाव का शोभते?
३. पुढील मराठी शब्दांची उर्दू रूपे लिहा : खजिना, अर्ज, हकिगत, जाहीर.