नागोबाचे घर

श्रावण शुद्ध पंचमीस आपल्याकडे नागपंचमीचा सण येतो. पाटावर किंवा भिंतीवर नागाची आकृती काढून तिला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवितात. त्या दिवशी शेतकरी नांगर धरीत नाही, कोणी जमीन खणीत नाही. घरात चिरणे-भाजणे वर्ज्य असते, म्हणून पुरणाची दिंडे उकडतात. नांगराच्या फाळाने एखादे बीळ उद्ध्वस्त होऊ नये, ही त्यामागची भावना. ज्याची पूजा करावयाची त्याच्या घराला धक्का लावू नये, हा केवढा थोर धडा या जुन्या रीतीत आहे!

'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण तुम्हांला ठाऊक आहेच. नाग स्वतः बीळ खणीत नाही. तो उंदराच्या बिळात शिरतो आणि उंदरालाच खातो. नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या चाळी आणि धान्याची कोठारे जागोजागी आहेत. जेथे दाणा तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे साप, हा निसर्गाचा क्रमच आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषापासून आपण जपलेच पाहिजे. परंतु धामणीसारखे कितीतरी साप बिनविषारी असतात. धामण म्हणजे तर शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदारच!

मग असा उपकारक प्राणी घरीच पाळला तर? काही हौशी लोकांच्या मनात हा विचार येतो. परंतु 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, धामण, अजगर इत्यादी सापांना अभय दिले आहे. त्यांना पकडणे, बाळगणे किंवा विकणे हा अपराध आहे. पूर्वी गारुडी नागाचे दात पाडून त्याला टोपलीत कोंडीत आणि तहानेने व्याकुळ झालेल्या त्या जिवापुढे दुधाची वाटी ठेवीत. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. ते त्याला बाधते. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा या गावी नागपंचमीस जिवंत नागांची मिरवणूक निघत असे. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती थांबली आणि तेथे प्रतिमेची पूजा होऊ लागली. 2025 साली केंद्र सरकारने तेथील मोजक्या व्यक्तींना ठरावीक दिवसांपुरते नाग धरण्यास परवानगी दिली, तीही केवळ लोकशिक्षणासाठी. मिरवणुकीसाठी किंवा खेळासाठी नव्हे.

देशी साप पाळता येत नाहीत, म्हणून कोणी परदेशी सापांकडे वळतात. आफ्रिकेतील बॉल पायथन हा लहानसा अजगर अशांपैकीच एक. दुर्मीळ प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण राहावे म्हणून 1973 साली वॉशिंग्टन येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात 1976 साली सामील झाला. त्या करारात नोंदलेले प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची सरकारदरबारी नोंदणी केली पाहिजे. त्यांचा जन्म, मृत्यू व हस्तांतर कळविले पाहिजे, असे 2024 चे नियम सांगतात.

एवढी सावधगिरी कशासाठी? याचे उत्तर अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात मिळते. आग्नेय आशियातील प्रचंड अजगर तेथे हौसेने पाळले जात. पिल्लू हातभर असते तोवर गंमत वाटते. तेच वाढून कितीतरी हात लांब झाले की मालक गांगरतो. कित्येकांनी ते दलदलीत सोडून दिले, काही निसटले. तेथे त्यांचा वंश वाढला आणि ससे, रॅकून यांसारखे प्राणी झपाट्याने घटले. अखेर 2012 साली अमेरिकेने त्यांच्या आयातीवर बंदी घातली. पण रानात पसरलेले अजगर काही परत पेटीत गेले नाहीत! गोदाकाठी असे कोणी केले तर काय होईल, याचा विचार करा.

शिवाय सापाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. कुत्रा धन्याला पाहून शेपटी हालवितो, गाय हंबरते. सापाला हाताळण्याची सवय होते, पण लळा लागत नाही. त्याला ऊब बाहेरून मिळवावी लागते. कधी उन्हात, कधी सावलीत सरकत तो आपले शरीर सांभाळतो. काचेच्या पेटीत हे स्वातंत्र्य कोठून मिळणार? आपली हौस वर्षभरात फिटते. बॉल पायथन मात्र वीस-पंचवीस वर्षे जगू शकतो.

मुलांनो, घरात साप दिसला तर काठी उचलू नका आणि धीटपणा दाखविण्यासाठी त्याला धरूही नका. दूर उभे राहून मोठ्यांना हाक मारा. ते वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलावतील. सापाला मारणारा हात आणि कोंडणारा हात, दोन्ही त्याचे घर हिरावून घेतात. त्याचे बीळ त्याला असू द्यावे, हीच खरी नागपूजा होय.

स्वाध्याय

1. नागपंचमीला जमीन का खणीत नाहीत?
2. धामणीला 'बिनपगारी राखणदार' का म्हटले आहे?
3. फ्लॉरिडातील अजगरांची हकीगत आपल्या शब्दांत लिहा.
4. 'आयत्या बिळावर नागोबा' व 'साप म्हणून भुई धोपटणे' यांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
5. 'सापाचे मनोगत' या विषयावर दहा ओळी लिहा.