मजुरी टबाची, राबणूक दोघांची

प्रश्न : जुन्या काळी बायकाही कोळशाच्या खाणीत खाली उतरायच्या, असं घरातल्या मोठ्यांकडून ऐकलं आहे. हे खरं का? त्यांना मजुरी किती मिळायची, आणि हे काम बंद कधी झालं? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : अगदी खरं आहे. 1920 च्या दशकात बंगाल-बिहारमधल्या झरिया-राणीगंज कोळसा पट्ट्यात जमिनीखाली राबणाऱ्यांमध्ये जवळजवळ तिसरा हिस्सा बायकांचा होता.

मजुरीचा एक आकडा मात्र सांगता येणार नाही, कारण मजुरी माणसावर नव्हती, टबावर होती. टब म्हणजे रुळांवरून ढकलायची लोखंडी गाडी. तिच्यात अर्धा-पाऊण टन कोळसा मावे. गैंतीनं कोळसा फोडणाऱ्याला मलकट्टा म्हणत, आणि तो टोपलीत भरून डोक्यावरून टबापर्यंत नेणारीला कामिन. ही जोडी बहुधा नवरा-बायकोची असे; कधी बाप-लेकीची, कधी बहीण-भावाची. भरलेल्या टबामागे काही आणे मिळत, ते दोघांचे मिळून. त्यात बाईचे किती, हा प्रश्नच कुणी विचारत नसे.

टबाच्या या हिशेबातच सगळी मेख होती. रिकामा टब वेळेवर आला नाही, तर अंधारात बसून वाट बघायची, आणि त्या तासांचा एक पैसाही नाही. टब काठोकाठ भरला नाही किंवा कोळशात दगड दिसला, की मजुरी कापली. माप मालकाचं आणि मोजणारा मुन्शीही मालकाचाच. शिवाय मजूर भरती करून आणणारा सरदार किंवा ठेकेदार मध्ये असे, त्याचा वाटा वेगळाच. वरती धौड्यात, म्हणजे एकाला एक लागून बांधलेल्या अंधाऱ्या खोल्यांत, मूल सांभाळायला कुणी नसेल तर आई त्याला सोबत खाली घेऊन जाई. रडू नये म्हणून तान्ह्या पोरांना अफू चाटवली जात असे. हे लिहिताना हात थबकतो, पण त्या काळच्या नोंदींत ते आहे.

कायदा फार उशिरा जागा झाला. इंग्लंडनं आपल्या बायकांना 1842 मध्येच खाणीखालून वर काढलं होतं. त्याच इंग्रजांच्या राज्यात, आपल्याकडे, 1923 च्या खाण कायद्यानं तेरा वर्षांखालच्या मुलांना बंदी केली आणि जमिनीखालचं काम आठवड्याला 54 तासांवर आणलं. दिवसाला नऊ तासांची मर्यादा यायला 1935 साल उजाडलं. बायकांसाठी 1929 मध्ये नियम झाले, ते दरवर्षी थोड्या थोड्या बायका कमी करत नेण्याचे, आणि 1937 मध्ये पूर्ण बंदी आली.

बंदी योग्यच होती. पण टबाचा दर पुरेसा न वाढवता ती लादली, हा अन्याय होता. काल दोघं मिळून जेवढे टब भरत, तेवढे आज एकट्यानं भरायचे, नाहीतर टोपली उचलायला दुसरा गडी धरून त्याला पैसे द्यायचे. वर आलेल्या बाईला वरती काम मिळेलच याची खात्री नव्हती. कोळसा तेवढाच निघत राहिला आणि घरात येणारे पैसे घटले.

या कहाणीचा पुढचा भाग मराठी वाचकानं मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे. दुसऱ्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली आणि 1943 मध्ये सरकारनं ही बंदी उठवली. बंगाल, बिहार, ओरिसा यांच्याबरोबर तुमचा तेव्हाचा मध्य प्रांतही त्यात होता. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. त्यांनी डिसेंबर 1943 मध्ये धनबादकडच्या कोळसा पट्ट्यात जाऊन, स्वतः खाणीत उतरून काम पाहिलं, मजुरांच्या खोल्या पाहिल्या. फेब्रुवारी 1944 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात या निर्णयावर कडक टीका झाली. बाबासाहेबांनी तो युद्धापुरता म्हणून मांडला, आणि खाली उतरणाऱ्या बाईला त्याच कामासाठी पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, हे ठासून सांगितलं. निर्णय कटूच होता, मला तो आजही बोचतो. पण जिची मजुरी इतकी वर्षं जोडीच्या हिशेबात विरून जायची, तिच्या कामाला पुरुषाच्या बरोबरीचा दाम आहे, हे सरकारच्या तोंडून वदवून घेणं लहान गोष्ट नव्हती. मजुरांची घरं, पाणी, दवाखाने यांसाठी कोळसा खाण कामगार कल्याण निधी उभा राहिला, तोही 1944 मध्येच.

फेब्रुवारी 1946 पासून बंदी पुन्हा लागू झाली आणि 1952 च्या खाण कायद्यानं ती कायम केली. 2019 मध्ये तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी बायकांना, त्यांच्या लेखी संमतीनं, दिवसपाळीत खाली जाण्याची मुभा मिळाली.

बाबासाहेबांची मजूरमंत्री म्हणून केलेली भाषणं महाराष्ट्र शासनानं काढलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दहाव्या खंडात आहेत, ती अवश्य वाचा. आणि तुम्हाला हे ज्यांनी सांगितलं, त्यांना कोणती खाण, कोणतं साल, टबाला किती आणे, एवढं तरी विचारून लिहून ठेवा, आणि आम्हालाही कळवा.