‘इन’ कुठून आला?

कोल्हापूर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. रांजणगावच्या कोरियन मंडळींना तू इंग्रजी शिकवतेस, याचं तुझ्या आजीला फार कौतुक आहे. ‘पर्व्हेड’ शिकवताना तू ‘म्हणजे स्प्रेड’ असं सांगितलंस, आणि घोळ तिथंच झाला. नुसता प्रतिशब्द दिला की शिकणारा तो सगळीकडे लावतो; मग पावावरचं लोणीही ‘पर्व्हेड’ होतं.

क्रियापदाआधी त्याचा कर्ता शिकव. आपल्याकडे आग पसरते, अत्तर दरवळतं, विष भिनतं, लोणचं मुरतं. कोरियनमध्येही नुसत्या पसरण्याला ‘पोजिदा’ आणि आत झिरपण्याला ‘सुम्योदुल्दा’ अशी वेगळी क्रियापदं आहेत. या क्रियापदांचे कर्ते विद्यार्थ्यांनाच सांगायला लाव. मग सांग, की ‘पर्व्हेड’ वासाला, भीतीला, उदासीला, एखाद्या विचाराला शोभतं, आणि त्यात एकही कोपरा सुटत नाही. मोल्सवर्थचा 1857चा कोश चाळ. शब्द कशाबद्दल वापरतात, हे तो उदाहरणांनी दाखवतो. मला आजही त्याच्याइतका दुसरा गुरू सापडलेला नाही.

विद्यार्थी ‘पर्व्हेड इन द रूम’ लिहितात म्हणून रागावू नकोस. त्यांच्या वाक्यातही आपल्यासारखं क्रियापद शेवटी येतं, आणि ‘खोलीत’मधल्या ‘त’चं काम नामाला लागणारा ‘ए’ करतो. त्या ‘ए’चाच ‘इन’ होतो. आपली मुलंही हेच लिहितात. इंग्रजीत मात्र खोली थेट कर्म होते. त्यांना ‘धुरानं घर व्यापलं’ या आपल्या वाक्याची रचना दाखव: घरात नव्हे, घर. मराठी येत नसलं तरी प्रत्ययांचा हा फरक त्यांना इंग्रजांपेक्षा लवकर कळेल. तुझं मराठी इथं अडचण नाही, भांडवल आहे. ते वर्गाबाहेर ठेवू नकोस.

आणि उदाहरणं पुस्तकातली नकोत. किमचीचा वास घरभर कसा होतो, यावर प्रत्येकाकडून एक वाक्य घे. जमलं तर दिवाळीनंतर त्यांना इकडे घेऊन ये. गुऱ्हाळं सुरू झालेली असतात. काहिलीत रस उकळू लागला की वास शिवारभर जातो. तिथं उभं राहूनच त्यांना वाक्य लिहायला सांग, ‘इन’ न घालता. कधी येताय ते दोन दिवस आधी कळव, म्हणजे गुळव्याला सांगून ठेवतो.

तुझा,
मामा