‘सर्व’, ‘काही’ आणि ‘एकही नाही’

पावसाळ्याच्या तोंडावर तेरेखोल नदीच्या मुखाशी वारा एकाएकी फिरतो. अशा संध्याकाळी केरीच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांना एकच गोष्ट जाणून घ्यावयाची असते, ती म्हणजे होड्या आल्या की नाही. समजा, कोणी धावत येऊन सांगितले, ‘सर्व होड्या परतल्या नाहीत.’ ऐकणाऱ्याने काय समजावे? काही परतल्या व काही राहिल्या, की एकही परतली नाही? दोन्ही अर्थ त्या एकाच वाक्यात बसतात. पण या दोन अर्थांत किती घरांच्या जिवाचा घोर सामावलेला आहे!

हा दोष दुसऱ्याचा म्हणून आम्ही सांगत नाही. एका वर्षी वर्गाच्या सूचनावहीत आम्हीच लिहिले होते, ‘सर्व मुलांनी निबंध दिलेले नाहीत.’ आमच्या मनात होते, की काहींचे यावयाचे आहेत. एका मुलीच्या घरी मात्र त्याचा अर्थ ‘कोणीच दिलेला नाही’ असा लावला गेला आणि वेळेवर निबंध देऊनही तिला बोलणी खावी लागली. दुसऱ्या दिवशी ती आम्हांला काही बोलली नाही. वही तेवढी पुढे केली. त्या ओळीकडे पाहताना आम्हांला आमच्याच व्याकरणाची लाज वाटली.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून आपल्या व्याकरणाची परंपरा चालत आली आहे. शाळेच्या व्याकरणात आपण ‘सर्व’, ‘काही’, ‘पुष्कळ’ यांना अनिश्चित संख्याविशेषणे म्हणतो आणि पुढे जातो. ‘मोठी होडी’ यातील ‘मोठी’ हा शब्द होडीचा गुण सांगतो. ‘सर्व होड्या’ यातील ‘सर्व’ मात्र कोणत्याच एका होडीचा गुण सांगत नाही. विधान किती होड्यांना लागू आहे, हे सांगतो. म्हणून तर्कशास्त्रात अशा शब्दांना निराळे नाव आहे : संख्यापक.

ॲरिस्टॉटलने विधानांचे चार प्रकार पाडले : सर्व आहेत, एकही नाही, काही आहेत, काही नाहीत. यात विद्यार्थी हमखास चुकतात ते एकाच ठिकाणी. ‘सर्व होड्या परतल्या’ हे खोटे ठरविण्यास किती होड्या राहिल्या पाहिजेत? एक पुरे. म्हणजे त्या विधानाचा खरा व्याघात ‘निदान एक होडी परतली नाही’ हा होय. ‘एकही परतली नाही’ हा नव्हे. पाचांपैकी तीन होड्या आल्या असतील, तर ‘सर्व परतल्या’ आणि ‘एकही परतली नाही’ ही दोन्ही विधाने खोटीच ठरतात. आपल्या नैयायिकांनाही ही गोष्ट ठाऊक होती. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, या व्याप्तीला धक्का देण्यास अग्नीवाचून धूर असलेले एकच स्थळ पुरते.

आमच्या घरची भाषा कोंकणी. ‘एकूय भुरगें येवंक ना’ म्हटले, की संशयाला जागा उरत नाही. मराठीत ‘एकही मूल आले नाही’ हे तितकेच स्वच्छ आहे. दुसरा अर्थ हवा असेल, तर मराठीत नकार वाक्याच्या शेवटी वेगळा काढावा : ‘सर्व मुले आली असे नाही.’ बोलताना ‘सर्व’वर जोर देऊन भागते, कागदाला आवाज नसतो.

मराठीचे एक सामर्थ्यही सांगितले पाहिजे. ‘मुलांनी सुरूचे एक रोप लावले’ म्हटल्यास किनाऱ्यावर एक रोप उभे राहिले की तीस, ते कळत नाही. ‘मुलांनी एकेक रोप लावले’ म्हणताच उत्तर मिळते. ‘एकेक’, ‘दोन-दोन’ या पृथक्त्ववाचक विशेषणांनी एवढे मोठे काम दोन-तीन अक्षरांत होते.

दोन संख्यापक एकत्र आले, की क्रमाला महत्त्व येते. ‘प्रत्येक होडीला कोणीतरी तांडेल असतो’ हे खरे. म्हणून ‘कोणीतरी एक तांडेल प्रत्येक होडीवर असतो’ हे खरे होत नाही. ॲरिस्टॉटलच्या चार प्रकारांत हा भेद मावत नव्हता. तो चिन्हांत नेमका मांडण्याची रीत जर्मन गणिती गोटलोब फ्रेगे याने १८७९ साली दिली. गणिताच्या पुस्तकांत आज ‘सर्व’साठी उलटे केलेले रोमन ‘ए’ आणि ‘निदान एक’साठी उलटे फिरविलेले ‘ई’ दिसते, ते त्यानंतरचे.

कायद्यातही हे शब्द तोलून वापरावे लागतात. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात ‘सर्व किंवा कोणत्याही’ शासकीय प्रयोजनांसाठी असा शब्दप्रयोग आहे. ‘सर्व’ एवढेच असते तर निवडीला वाव नसता. ‘किंवा कोणत्याही’ने तो मिळतो.

आता विद्यार्थिमित्रांसाठी एक वाक्य देतो. ‘केरीतील प्रत्येक घरात निदान एक माणूस असा आहे, की ज्याने तेरेखोलचा किल्ला आतून पाहिलेला नाही.’ हे खरे की खोटे, ते आम्ही विचारीत नाही. ते खोटे ठरण्यास काय असावे लागेल, ते एकाच वाक्यात लिहावे आणि सुटीनंतर वर्गात आणून दाखवावे. ‘सर्व’ हा शब्द वापरल्यास दोनदा वाचून पाहावे.