मंडळीचा आवाज ऐकू येऊ दे

मिरज,
रविवार, संध्याकाळ

चि. बाळ हिस,


तुझं पत्र परवा मिळालं. साताऱ्याच्या मंडळीने उपासनेतल्या गाण्यांची जबाबदारी तुझ्या गटावर सोपवली, हे वाचून फार बरं वाटलं. पुढची दोन पानं मात्र भांडणाचीच. वडीलधाऱ्यांना पेटी-तबल्यावर 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली गाणी हवीत. तरुण संघाला कीबोर्ड, गिटार आणि भिंतीवरच्या पडद्यावर शब्द हवेत. पाळकसाहेब दोन्हीकडची बोलणी खातात. आणि शेवटी तू विचारतेस, मावशी, बरोबर कोणाचं?

वाद्यांचा निवाडा मी करणार नाही. पेटीसुद्धा एके काळी परदेशातूनच आली आणि आता देवळात, तमाशात, चर्चमध्ये सगळीकडे आपली होऊन बसली आहे. गिटारचंही तसं होईल किंवा होणार नाही. तू येत्या रविवारी एक कर. दुसरं गाणं सुरू झालं की क्षणभर तोंड मिटून नुसती ऐक. गातंय कोण? माईकपुढचे पाच जण, की बाकांवरची सगळी मंडळी? समोरच्यांचाच आवाज येत असेल, तर पेटी असो की गिटार, काहीतरी चुकतंय. आपण रविवारी देवापुढे मंडळी म्हणून उभे राहतो. एकेकट्याची प्रार्थना घरी होते, ती देव ऐकतोच. पण एकत्र जमतो ते एकत्र बोलण्यासाठी, एकत्र गाण्यासाठी, एका भाकरीतलं खाण्यासाठी. पाच जणांनी करायचं आणि पन्नासांनी बघायचं, असं त्यात काही बसत नाही.

तू ज्या गावात राहतेस त्याला या बाबतीत मोठा वारसा आहे, आणि तुमच्या तरुण संघातल्या कितीजणांना तो ठाऊक असेल याची मला शंका वाटते. अमेरिकन मराठी मिशनचं काम साताऱ्यात 1849 मध्ये सुरू झालं. त्या काळची बरीचशी गाणी इंग्रजी गीतांची भाषांतरं, इंग्रजी चालींवर बसवलेली. शब्द मराठी, पण आपल्या बायाबापड्यांच्या गळ्यात ती चाल बसायची नाही. मग नगरकडे कृष्णराव सांगळ्यांसारख्या माणसांनी कीर्तनाचा साज घेऊन ख्रिस्ताची कथा सांगायला सुरुवात केली. त्यांच्यानंतर रेव्हरंड टिळक आले. नारायण वामन टिळकांचा जन्म 1861 चा, बाप्तिस्मा 1895 चा. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मोकळेपणाने सांगत. त्यामुळे अभंग, ओवी आणि पद यांत त्यांनी जे लिहिलं ते जात्यावरच्या बाईलाही आपलं वाटलं. आज 'उपासना संगीत' उघडलंस तर पानोपानी त्यांचं नाव दिसेल.

हेच टिळक 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला आले आणि तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे तिथे एकत्र बसू शकत. त्या काळात हे किती धाडसाचं होतं याचा विचार कर. दरबार फार दिवस चालला नाही. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' तू शाळेत धड्यापुरती वाचली असशील. आता सबंध वाच, साताऱ्याचे दिवसही त्यात आहेत. दरबारातल्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही. बाप्तिस्मा आणि मंडळीचं सभासदत्व यांना मी टिळकांपेक्षा जास्त महत्त्व देते. पण आत बसलेल्याइतकाच दाराशी उभा असलेला माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे असायचा, ही त्यांची गोष्ट मला सोडता येत नाही. गाणं निवडताना तोच माणूस तुझ्याही डोळ्यांपुढे असू दे.

आता कामाचं. तुम्ही मुली काळी चारमध्ये गाता, ते तुमच्या गळ्याला सोपं. पण त्या पट्टीत वयस्कर पुरुषांचा आवाज एक तर वर पोचत नाही, नाहीतर खाली बुडतो, आणि दोन ओळींत ते गप्प होतात. त्यांना गाणं आवडत नाही असं तुम्हाला वाटतं. खरं म्हणजे तुम्ही त्यांना गाऊच देत नाही. पट्टी मंडळीच्या गळ्याने ठरवा. नवं गाणं महिन्यातून एकच घ्या आणि तेच चारही रविवार म्हणा. उपासनेच्या आधी ओळ सांगून म्हणून घ्या, खेड्यातल्या मंडळ्यांत अजून करतात तसं. पडद्याला माझी हरकत नाही. पण पहिल्या बाकावर बसणाऱ्या ज्या आजींना अक्षर येत नाही, त्यांना पडदाही सारखा आणि पुस्तकही सारखं. त्यांना येतात ती गाणी तोंडपाठ आहेत. दर रविवारी त्यांतलं निदान एक असलंच पाहिजे. आणि आवाज कमी ठेवा. शेजारच्याचा आवाज कानावर आला की माणसाला गायची हिंमत येते. स्पीकरच्या गदारोळात माणूस स्वतःलाही ऐकू येत नाही.

इथे मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीतून मी वर्षानुवर्षं जात-येत आले आहे. तिथे तंबोरा जुळवताना बघितला की वाटतं, गाण्याचं पुढारपण करणाऱ्याने असं असावं. मैफलीला तंबोरा ऐकायला म्हणून कोणी येत नाही, पण तो थांबला तर गवई भांबावतो.

तू लिहिलंस की पेटी वाजवणारे काका आता तुमच्याशी बोलत नाहीत, आणि त्यावर तुमच्यातल्या एकाने 'नाही तर नाही' म्हटलं. ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. बाळ, तुझ्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच आहे, आणि तू ती जाता जाता लिहून टाकली आहेस. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू काय सांगतो ते तुला पाठ आहे. वेदीपाशी दान घेऊन गेलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. त्याने दान थांबवायला सांगितलं! म्हणजे काकांच्या घरी जाऊन यायच्या आधी तुमची तालीम, तुमची वाद्यं, तुमची तयारी, सगळं थांबलं तरी चालेल. तू स्वतः जा, फोनवर नको. गाण्यांची यादी बरोबर ने आणि पट्टी कुठली घ्यावी ते त्यांना विचार. मंडळीच्या गळ्याची ओळख त्यांच्याइतकी साताऱ्यात थोड्यांनाच असेल.

प्रभुभोजनाच्या रविवारी तर हे आणखीच जपायचं. करिंथच्या मंडळीला पौलाने पहिल्या पत्रात झापलं ते का, हे अकराव्या अध्यायात आहे. तिथे गाणी वाईट होती किंवा शिकवण अपुरी होती, अशी तक्रार नाही. खाऊनपिऊन सुखी असलेले लोक आधी जमत आणि आपापलं उरकून घेत. राबणारे उशिरा यायचे आणि उपाशीच राहायचे. पौल म्हणतो, असं जेवण प्रभूचं नव्हेच, एकमेकांसाठी थांबा. आपल्या सातारा-सांगलीकडे या उपदेशाचा अर्थ आपल्या पणज्या-पणजोबांना कुणी समजावून द्यावा लागला नाही. ज्यांना गावच्या पाणवठ्याला हात लावू देत नव्हते, त्यांना मंडळीत एका भाकरीतला तुकडा आणि एकाच पेल्यातला रस मिळाला. आणि ज्यांनी जन्मभर विटाळ पाळला होता, त्यांना तोच पेला ओठाला लावताना काय वाटलं असेल! लक्ष्मीबाईंनी आपल्या मनातला हा झगडा काहीही न लपवता लिहिला आहे. आता छोटे छोटे पेले आले, आरोग्याच्या दृष्टीने ते ठीक आहे. पण जात गेली का? लग्नाच्या बोलण्यांत ती अजून निघते, मंडळीच्या निवडणुकीतही निघते, आणि ज्या मेजापाशी ती मोडायची त्याच मेजापाशी तिला मनात धरून आपण उभे राहतो. मला याचा राग येतो आणि तुलाही यावा असं वाटतं.

म्हणून दाराकडे लक्ष ठेव. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांत एखादं आपलं कुटुंबही असतं. ती माणसं येतात ती उशिरा, अंगावरच्या कपड्यांनिशी, आणि मागच्या भिंतीला टेकून उभी राहतात. याकोबाने आपल्या पत्रात नेमकं हेच चित्र काढलं आहे. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा, आणि गरिबाला म्हणायचं, तू तिथे उभा राहा. नाताळात पाहुण्यांसाठी पुढच्या खुर्च्या राखून ठेवतात, हार घालतात, आणि भाषणं उपासनेच्या मध्येच होतात. हे मला कधीच रुचलं नाही. पाहुण्यांचा सत्कार उपासना संपल्यावर, चहापाण्याच्या वेळी करा. आणि मागे उभ्या असलेल्या त्या बाईला तुमच्यातल्या एकीने उठून आपल्या शेजारी बसवून घ्यावं, गाण्याचं पुस्तक तिच्यापुढे धरावं. गाण्याच्या गटाचं हेही कामच आहे.

प्रार्थनेविषयी तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. मोठ्याने, सगळ्यांच्या वतीने प्रार्थना करायची पाळी तुझ्यावर येईल. मी नर्स म्हणून नोकरी केली ती इथल्या मिशन हॉस्पिटलात. डॉक्टर वानलेसांनी 1894 मध्ये उघडलेलं हे हॉस्पिटल. सकाळी वॉर्डात प्रार्थना व्हायची. एक वयस्कर बायबल बाई यायच्या. त्या खाटेपाशी उभ्या राहून आधी नाव विचारायच्या, मग गाव, मग दुखतंय कुठे. जतकडची कोणी, तासगावची कोणी, हिंदू, मुसलमान, लिंगायत. प्रार्थना करू का, हेही विचारायच्या. मग डोळे मिटून चार वाक्यं, आणि त्यांत ते नाव, ते गाव, ते दुखणं सगळं यायचं. शेजारच्या खाटेवर ऑपरेशन होऊन झोपलेली बाई जागी होऊ नये इतका हळू आवाज. ज्यांना आपल्या धर्माशी काही देणंघेणं नव्हतं, त्या बायाही दुसऱ्या दिवशी त्यांची वाट बघायच्या. चर्चमध्ये अर्धा-अर्धा तास चाललेल्या प्रार्थना ऐकते तेव्हा मला त्या आठवतात. देवाला सगळं बायबल परत ऐकवायची गरज नाही. मंडळीत कोण आजारी आहे, कोणाचं काम सुटलं, कोणाच्या घरी मूल आलं हे शनिवारी विचारून घे. आणि चर्चच्या भिंतीबाहेरचंही माग. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा पाण्याने कोणाचा धर्म विचारला नव्हता. पावसासाठी, पुरासाठी, माणदेशातल्या कोरड्या विहिरींसाठी प्रार्थना करणारी मंडळीच आपल्या गावाची मंडळी असते.

वचन वाचणाऱ्याने ते घरी दोनदा मोठ्याने वाचून यावं. आपल्या शास्त्राची भाषा जुनी आहे, वाक्यं लांब आहेत. जिथे थांबायचं तिथे थांबलं नाही तर ऐकणाऱ्याला काही उमगत नाही. आणि वाचून झालं की लगेच पेटी सुरू करू नका. थोडं शांत राहू द्या.

कोणी म्हणेल, हल्ली मोबाइलवर याहून चांगली उपासना दिसते, चांगलं गाणं, चांगलं प्रवचन. 2020 च्या टाळेबंदीत आपण सगळ्यांनी ती पाहिली, आणि आजाऱ्यांसाठी, दूरच्यांसाठी ती अजूनही उपयोगी आहे. पण त्या महिन्यांत मला प्रवचनाची उणीव भासली नाही, ते मिळत होतं. मागच्या बाकावरून कायम अर्धी ओळ उशिरा येणारा एक जाडा आवाज आहे, त्याची उणीव भासली. इब्री लोकांस पत्रात एकत्र जमणं सोडू नका म्हटलं आहे ते एकमेकांना उत्तेजन देण्यासाठी, आणि उत्तेजन शेजारी बसलेल्या माणसाकडूनच मिळतं. तो बेसूर गात असला तरी.

तुमच्या गटातल्या मुलांना यातलं सगळं एकदम सांगू नकोस. त्यांनी मनापासून काम अंगावर घेतलं आहे, त्यांचा उत्साह मोडता कामा नये. त्यांच्या गिटारवर टिळकांचं एखादं पद बसवून बघा. वडीलधारी मंडळी आपोआप गायला लागतील, आणि मुलांनाही कळेल की आपल्या घरात काय ठेवलेलं आहे.

पुढच्या दोन महिन्यांच्या गाण्यांची यादी मला पाठव. कुठल्या गाण्याची जुनी चाल कोणती आणि कुठली दोन चालींवर म्हणतात ते मी समोर लिहून देईन; त्यातल्या काही साताऱ्याकडे वेगळ्या आहेत, त्या मात्र तुला काकांनाच विचाराव्या लागतील. ताईला आणि भावजींना सलाम सांग. ताईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव, इथे दाखवायचं असेल तर मी वेळ घेऊन ठेवते.

तुझी,
मावशी