लोखंड जळत नाही, पण वाकतं

शिरूर अनंतपाळला दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच हिशेब सुरू होतो: लातुरात खोली, क्लासची फी आणि दोन वर्षांनी नीट नाहीतर जेईई. त्या रांगेत न रमणाऱ्या पोराचं काय करायचं, हे पालक दबक्या आवाजात विचारतात. सिव्हिलकडे कल असेल, तर फारसं कुणी न सुचवणारं एक काम आहे: इमारतीच्या पोलादी सांगाड्यावर अग्निरोधक लेप फवारणं.

लोखंडाला कसली आलीय आग, असं वाटतंच. पण आयएस ८०० या भारतीय मानकाच्या सूत्राने ५६० अंश सेल्सिअसला पोलादाची ताकद निम्म्यावर येते, आणि प्रमाणित अग्निचाचणीची भट्टी दहा मिनिटांतच साडेसहाशेच्या पुढे जाते. लेपाचं काम वेळ मिळवून देण्याचं. एक तास, दोन तास, कधी चार. त्यातल्या जिप्समच्या वजनाचा जवळपास पाचवा हिस्सा बांधलेलं पाणी असतं. ते वाफ होऊन उडेपर्यंत उष्णता तिथेच खर्ची पडते.

११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले. विमानांच्या धडकेने हा लेप मोठ्या प्रमाणावर उडाला नसता तर ते बहुधा उभे राहिले असते, असा निष्कर्ष अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेने २००५मध्ये काढला.

साइटवर हे काम दिसतं त्यापेक्षा किचकट. आधी गंज, तेल, धूळ काढायची, मग मिश्रण पंपातून नळीवाटे मारायचं. बारीक सेक्शन लवकर तापतो, म्हणून त्यावर लेप जास्त जाड लागतो. सुपरवायझर जागोजागी गेज टोचून जाडी मोजतो. सगळं पास होतं, आणि दुसऱ्या दिवशी डक्टवाला क्लॅम्प बसवायला तोच लेप खरवडतो! अशा जागा हुडकून पुन्हा भरून घेणारा माणूस साइटला हवाच असतो.

याची वेगळी पदवी शोधत बसू नये. दहावीनंतर लातूरच्या पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनासारख्या ठिकाणी सिव्हिलची तीन वर्षांची पदविका करावी. पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट असतेच. अग्निशास्त्रच शिकायचं तर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात फायर इंजिनीअरिंगची पदवी आहे. त्यासाठी बारावीला गणित सोडू नये. शिवाय राज्याच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याने दर जानेवारी-जुलैत परवानाधारक एजन्सीचं देखभाल प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे आगीच्या क्षेत्रात इतरही कामं निघतात.

तालुक्यात मात्र हे काम मिळणार नाही; पुणे-मुंबई गाठावी लागेल. जुन्या लेपांत अ‍ॅस्बेस्टॉस असे; आता जिप्सम, सिमेंट, व्हर्मिक्युलाइट वापरतात. तरी धूळ आहे, उंची आहे. मुलाला पाठवण्याआधी पालकांनी पगाराबरोबर मास्क, सेफ्टी बेल्ट आणि विमा कोण देणार, हे कंत्राटदाराकडून लेखी घ्यावं.